मोनालीच्या स्थळाआधी

यावल, १२ जानेवारी २०२५

चि. कमल हिस, अनेक आशीर्वाद.

या घरात फोनवर बोललं की सगळे कान लावून बसतात, म्हणून लिहितेय. छातीच्या ऑपरेशनच्या जुन्या व्रणाजवळ पुन्हा गाठ लागतेय. ह्यांना सांगितलं, ह्यांनी लगेच भावाला सांगितलं. रुपचंद भाऊजींनी निकाल दिला, की माझ्या मोनालीचं एरंडोलचं स्थळ पक्कं होईपर्यंत दवाखान्याचं नाव काढायचं नाही, लोक म्हणतील आजार रक्तात आहे. दहावी तीनदा नापास झालेला माणूस आता रक्ताची परीक्षा घेतोय! आणि हे मान डोलवत बसले. मी मात्र रात्री दहादा उठून गाठ चाचपते.

तुझी, बेबाअक्का

धुळे, १६ जानेवारी

ती. अक्कास, शि. सा. न.

पत्र वाचून संताप आला. इथल्या दवाखान्यात स्तनाची गाठ परत आलेल्या बायकांवर संशोधन चाललंय, कोणता उपचार लागू पडतो, पुढे त्या कशा राहतात याचं. तिथल्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लवकर आली तर बरंच करता येईल. भाऊजींना सांग, गाठीला लग्नाचा मुहूर्त कळत नाही. तू निघाली नाहीस तर मीच येते. मी आले की ते शेतावर पळतात, तेवढंच घर मोकळं होईल.

माया राहू दे. कमल

यावल, २० जानेवारी

चि. कमल, आशीर्वाद.

काल पाहुणे आले. मुलाच्या आईनं, वच्छलाबाईनं, ऑपरेशनपासून सुजलेला माझा हात बघून काय झालं विचारलं. भाऊजी म्हणाले, केळीच्या बागेत घसरली. मला त्या माणसाची शिसारी आली. मी सरळ सांगितलं, कॅन्सर झाला होता आणि बहुतेक परत आलाय. वच्छलाबाईनं चहाचा कप विष असल्यासारखा खाली ठेवला. असलं रक्त आमच्या घरात चालणार नाही, म्हणाली. मोनाली म्हणाली, तुमचं घर मलाही चालणार नाही, उद्या आईला धुळ्याला न्यायचंय. भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आम्ही निघतोय, पत्राआधी आम्हीच पोचू.

अक्का

यावल, ८ जून

चि. कमल, आशीर्वाद.

गाठ काढली तिथलं आता दुखत नाही. दुसरीकडे पसरलं नाही म्हणाले, तरी तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. संशोधनवाल्या मुलीनं परवा फोनवर विचारलं, यायला उशीर कशामुळे झाला. मी रुपचंद भाऊजींचं नाव सांगितलं. ती म्हणाली, तिथं माणसाचं नाव लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग मूर्खपणा लिही.

आज वच्छलाबाई एकटीच आली. दिवाळीपासून तिच्याही छातीत गाठ आहे. घरी बोलली नाही, म्हणे मुलाचं लग्न अडेल. मनात आलं, तोंडावर दार लावावं. पण पदर छातीशी घट्ट धरून उभी होती.

शुक्रवारी माझी तपासणी आहे, तिलाही घेऊन पहिल्या एसटीनं येतेय. तिच्याशी गोड बोल असं मला सांगू नकोस, ते जमणार नाही. पण डॉक्टरबाईंकडे तिचा नंबर माझ्या आधी लाव.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी, अक्का