खुंटीवरचे अकरा कप

हेलोय बेट,
सोमवार, २६ एप्रिल १९५४
दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. होडीघरात अंड्यांच्या पेट्यांत भुसा भरत होतो. हात धुऊन लिहायला बसलो आहे.

ती. रागनाताईस,
धाकट्या सिव्हर्टचा सप्रेम सलाम. वि. वि.

घरी सगळे सुखरूप. आईचा खोकला गेला, पण गळ्याची लोकरीची पट्टी ती अजून सोडत नाही. विचारलं तर म्हणते की पट्टीमुळेच गेला, मग आता तिला कशाला हाकलून देऊ. होडीला नवा रंग दिला. हेरिंग मासळी या वर्षी आपल्या बाजूला फारशी आलीच नाही, त्यामुळे सगळ्यांचे हात आखडलेले आहेत.

आता मुख्य गोष्ट. ती मी तीन वेळा लिहून फाडली, म्हणून सरळ लिहितो. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि तिची झळ तुझ्या राझाफीला लागेल अशी मला भीती वाटते.

तोर्मोदकाका यंदा पुन्हा म्हणायला लागले की अकरा घरांच्या प्रार्थनाघराने मादागास्करमधल्या एका सुईणीचा, म्हणजे राझाफीचा, वर्षाचा पगार कशाला अंगावर घ्यायचा, शहरातल्या मोठ्या मंडळात सामील होऊ, त्यांच्या थैलीत आपलीही भर. पण त्या थैलीतून नदीपलीकडच्या तुमच्या दवाखान्याला वेगळं काही मिळत नाही, हे तूच लिहिलं होतंस. मी खजिनदार. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठशे क्रोनरच्या वचनपत्रावर सह्या व्हायच्या आहेत आणि निदान आठ घरांच्या सह्या नसतील तर मुख्य कचेरी वचन धरत नाही. मला काळजी वाटली, म्हणून हिशेब तपासायला बसलो.

रविवारी घातलेली अंडी मिशनची, हे तर आजीच्या वेळेपासून चालत आलेलं. पण सगळ्या घरांची आठवडाभराची अंडी मीच डाकेच्या होडीने शहरात विकायला पाठवतो, त्यामुळे कोणाच्या कोंबड्या एकूण किती घालतात ते मला कळतं. कोंबडीला वार कळत नाही. म्हणजे रविवारची अंडी आठवड्याच्या सातव्या हिश्शाइतकी यायला हवीत. ती येत नव्हती. मी सहा रविवारांचा तक्ता केला. डावीकडे घरांची नावं, मग किती यायला हवी होती, मग किती आली. लावरान्सच्या घरून अकरा हवी होती, चार आली. बेर्गीत आणि तिची जाऊ, दोघींची मिळून पाच कमी. गुडनीमावशीच्या नावापुढे सहाही रविवार शून्य. सगळ्यात शेवटी एक ओळ अज्ञाताची: दर सोमवारी सकाळी प्रार्थनाघराच्या पायरीवर फडक्याने झाकलेली बादली असते, तिच्यात बारा अंडी. सहा आठवड्यांची बहात्तर.

काल उपासनेनंतर कॉफीच्या वेळी मी हा तक्ता वाचून दाखवला. नावांसकट. मला वाटलं, आकडे समोर आले की लोक आपोआप सुधारतील. ताई, ज्या घरात दानाचं पाकीटही नाव दिसू नये म्हणून उलटं ठेवतात तिथे मी हे केलं. गुडनीमावशीचं नाव आलं तेव्हा कोणीतरी हसलं. मावशी शांतपणे म्हणाल्या की माझ्या कोंबड्या रविवारी शब्बाथ पाळतात बाबा, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा निळ्या काठाचा कप होता. तो कोटाच्या खिशात घालून त्या घरी गेल्या.

तुला माहीत आहे, प्रार्थनाघराच्या खुंटीवरचा आपल्या घराचा कप घरी नेणं म्हणजे मंडळी सोडणं. पावेल शिंप्याने नेला होता तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि तो पुन्हा त्या दारात आला तो शवपेटीतून. आज सकाळी लावरान्स, बेर्गीत आणि तिची जाऊ, तिघेही येऊन आपापले कप घेऊन गेले. बेर्गीत जाता जाता म्हणाली की आता आमच्या चमच्यांचाही तक्ता कर. भिंतीवर अकरा खुंट्या आहेत आणि कप सात.

आठ हवेत. काय करू ते लिही. सोबत तक्त्याची नक्कल जोडली आहे. बेरीज दोनदा पडताळली आहे.

तुझ्या मायेला नेहमीच टेकलेला,
सिव्हर्ट

(आईची चिठ्ठी, त्याच पाकिटात)
रागना, याला फार रागावू नकोस. दोन दिवस नीट जेवला नाही. मी त्याला म्हटलं की कोंबड्या मोजतोस ते ठीक, माणसं मोजू नयेत. तर म्हणतो की मी माणसं नाही, अंडी मोजली. तुझे मोजे पाठवले आहेत, पण तिथल्या उन्हात ते तू घालणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी घाल. आई.


आंबातोमेना, मादागास्कर,
रविवार, ९ मे १९५४

चि. सिव्हर्ट यास,
ताईचे भरपूर आशीर्वाद, आणि समुद्रापलीकडून एक चापट. चापट आधी घे.

तुझं पत्र बारा दिवसांत आलं. पाऊस संपला, नदी उतरली, आणि आम्ही सगळे नेहमीसारखे धुळीत आहोत. आईला सांग की मोजे पोचतील तेव्हा मी ते नक्की घालीन. पहाटे इथेही थंडी असते, तिला खरं वाटत नाही तो भाग निराळा.

तुझी भीती खोटी नाही. ज्या दवाखान्याच्या मागे कोणी ठरावीक देणारा नसेल तो जुलैपासून बंद करावा, असं पत्र मुख्य कचेरीतून आलं आहे. फेब्रुवारीत नदीला पूर असताना पलीकडच्या गावात एका बाईला जुळं झालं. राझाफी तिथे होती म्हणून. नसती, तर त्या बाईला पोखरलेल्या खोडाच्या होडीत घालून त्या पाण्यातून माझ्याकडे आणावं लागलं असतं, आणि पुढचं मी लिहीत नाही. दोन्ही मुलगे आता गुटगुटीत आहेत आणि रात्रंदिवस केकाटतात.

राझाफीला मी तुझी गोष्ट सांगितली. तिच्याकडेही सहा कोंबड्या आहेत. ती पोट धरून हसली आणि म्हणाली की या मुलाचं लवकर लग्न करा, म्हणजे दुसऱ्यांची अंडी मोजायला वेळ राहणार नाही. ती रोज दिवा लावताना आपली अकरा घरं नावांनी म्हणते, तुला माहीत नसेल. तिच्या तोंडून लावरान्स कसा निघतो ते ऐकलंस तर खुर्चीवरून पडशील. हसून झाल्यावर तिने विचारलं की आता मी सातच नावं म्हणायची का. मी म्हटलं, अकराच म्हण.

आता तुझा तक्ता. बेरीज बरोबर आहे. तुझी बेरीज कधीच चुकत नाही, तोच तर त्रास आहे. पण ती अज्ञाताची ओळ मी तीन वेळा पाहिली. पेटीतल्या तडकलेल्या अंड्यांची नोंद केलीस, वजन लिहिलंस. त्या बादलीतल्या अंड्यांचा रंग कोणता होता? आपल्या बेटावर सगळ्यांकडे तपकिरी अंड्यांच्या कोंबड्या आहेत, एका घराखेरीज. मी गोवराने पडले होते तेव्हा त्या घरून मला एक पांढरं अंडं आलं होतं. मला ते इतकं नवलाचं वाटलं की मी ते उकडू दिलं नाही. शेवटी नासलं आणि आईने नाक धरून बाहेर फेकलं. तिला विचार.

माझा अंदाज चुकीचाही असेल. तेव्हा आधी बघ, मग बोल. या वेळी तरी तोच क्रम ठेव.

माझा जीव तुम्हा सगळ्यांत आहे, तुमचाही थोडा इकडे राहू द्या.
तुझी,
रागनाताई


हेलोय बेट,
शुक्रवार, २८ मे १९५४
सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. धक्क्यावर अंड्यांच्या पेटीवर बसून डाकेच्या होडीची वाट पाहतो आहे. वारा आहे, म्हणून कागदावर दगड ठेवला आहे.

ती. रागनाताईस,
सिव्हर्टचा सलाम, आणि चापट पावली. वि. वि.

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी मिळालं. रंग मी लिहिला नव्हता, कारण पांढऱ्याला आणि तपकिरीला भाव एकच. एकही अंडं शिल्लक नव्हतं, सगळी शहरात गेलेली. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती: कप गेल्यानंतरही बादली थांबली नाही. मेच्या तीन, दहा आणि सतरा तारखेला, तिन्ही सोमवारी बारा-बारा अंडी होतीच. म्हणून मी सोमवारची वाट पाहिली. पत्र आलं त्याच दिवशी वहीत रंगाचा नवा रकाना आखून ठेवला.

चोवीस तारखेला सकाळी फडकं उचललं. बाराच्या बारा पांढरी.

मी बादली तशीच उचलून गुडनीमावशीकडे गेलो. दारात उभा राहून काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण त्यांनी बादलीकडे पाहिलं आणि आधी म्हणाल्या की ती रिकामी परत आणायची असते, भरलेली नाही. मग आत बसवलं, लेफ्सेच्या पोळीवर लोणी लावून दिलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या की रागनाने ओळखलं ना, तुला हे जन्मात सुचलं नसतं.

त्यांचं म्हणणं असं. रविवारी त्या कोंबड्यांच्या खुराड्यात हातच घालत नाहीत. अंडी गोळा करणं हे काम आहे, आणि शब्बाथाला काम नाही. त्यांच्या आईनेही कधी केलं नाही. म्हणून रविवारची अंडी सोमवारपर्यंत तिथेच पडून राहतात. सोमवारी बघावं तर कालची कोणती आणि आजची कोणती हे कसं कळणार? एखादं रविवारचं अंडं चुकून घरात शिजलं तर ते प्रभूचं खाल्ल्यासारखं होईल. म्हणून त्या दोन्ही दिवसांची सगळी देतात. पण सातव्या हिश्शाऐवजी इतकी दिली असं लोकांना कळलं तर त्याला मिरवणं म्हणतील, म्हणून नाव न सांगता. ताई, माझ्या तक्त्यात या बाईसाठी जागाच नव्हती. सगळ्यात जास्त देणाऱ्या घरापुढे मी सहा वेळा शून्य वाचलं.

मी म्हटलं, गुरुवारी सभेत उभा राहून हे सगळं सांगतो, म्हणजे तुमचं नाव स्वच्छ होईल. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या की सांगितलंस तर पुढच्या सोमवारी बादली येणार नाही. एकदा माझी लाज काढलीस, आता माझं दान काढू नकोस. मी विचारलं, मग बाकीचे कप परत कसे येतील? त्यावर म्हणाल्या की ते माझ्या अंड्यांमुळे नाही गेले, तुझ्या तोंडामुळे गेले, तेव्हा तोंडानेच आण. फक्त रागनाला लिही म्हणाल्या, ती लांब आहे आणि तिला कळलेलंच आहे.

निघताना मी म्हटलं की तुम्ही याल ना. तर म्हणाल्या की गुडघे काय म्हणतात ते बघू. आणि त्या दिवशी वाचताना तुझ्या सदऱ्याचं बटण उघडं होतं, तेवढं या वेळी लाव.

काल स्वर्गारोहण. मी बटण दोनदा तपासलं. उपासनेनंतर कॉफीच्या आधी उभा राहिलो. म्हटलं, पंचवीस एप्रिलला मी जे वाचलं ते वाचायचा मला अधिकार नव्हता. कोण किती देतो ते मोजायला तुम्ही मला नेमलेलं नाही. जे आलं ते पोचवायला नेमलं आहे. शिवाय तक्ता चुकीचा होता. तोर्मोदकाकांनी विचारलं की बेरीज चुकली का. मी म्हटलं, बेरीज नाही, तक्ताच. कुठे चुकला ते मात्र सांगता येत नाही. मला क्षमा करा. माझा आवाज मधेच बसला आणि आई खोकली, पण तिचा खोकला तर गेला आहे. मग मी राझाफी दिव्यापाशी अकरा नावं म्हणते ते तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं. लावरान्सच्या नावाचं काय होतं तेही. लोक हसले, पण या वेळचं हसणं वेगळं होतं.

तक्त्याचा कागद मी तोर्मोदकाकांना दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घातली आणि कॉफीच्या चुलीत सारला. म्हणाले की चांगला जाड कागद होता.

स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून खुंट्यांच्या भिंतीकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी बघितलं. सात. बेर्गीत हात पर्समध्ये घालून बसली होती. तिने कप काढला, जावेनेही काढला, आणि दोघी भांडल्यासारख्या एकदमच खुंटीकडे गेल्या. नऊ झाले. वचनपत्र पुढे आलं, सह्या सुरू झाल्या. सात-आठ सह्या झाल्या असतील तेव्हा दार वाजलं. गुडनीमावशी. चढ चढून दम लागला होता. सरळ आत गेल्या, निळ्या काठाचा कप टांगला, मग लक्षात आलं की कॉफी प्यायची आहे, तर पुन्हा काढला. सही करताना तोर्मोदकाका त्यांना म्हणाले की काय गुडनी, कोंबड्या अजून शब्बाथ पाळतात का. त्या म्हणाल्या की हो, तुझ्यापेक्षा बरा.

दहा सह्या झाल्या. शहरातल्या मंडळाचं नावही कोणी काढलं नाही. लावरान्स आला नाही. त्याची खुंटी रिकामी आहे. मी उद्या त्याच्याकडे जाणार आहे, वही न घेता. राझाफीला सांग की अकराच म्हणत राहा.

होडी टोकाशी दिसायला लागली, म्हणून आवरतो. माझ्यावरची माया होती तशीच ठेव, आणि चापटा लागतील तशा पाठव.
तुझा,
सिव्हर्ट

ता. क. वहीच्या पानाची नक्कल, २७ मेअखेर:

अंडी विकून: १९६ क्रोनर ५० ओरे.
मोज्यांचा लिलाव: ८८ क्रोनर.
स्वर्गारोहणाचं दान: १४१ क्रोनर ७५ ओरे.
खर्च (कॉफी ७.४०, खिळे व भुसा २.१०, तिकिटं १.२५): १० क्रोनर ७५ ओरे.
हाती शिल्लक: ४१५ क्रोनर ५० ओरे.
राझाफीचे वर्षअखेरपर्यंत देणे: ३८४ क्रोनर ५० ओरे.
लावरान्सचे देणे: उद्या.
सोमवार, २४ मे, मिशनची अंडी: चौसष्ट. पैकी अज्ञात: बारा.
रंग: रकाना आखला आहे. कोरा ठेवला आहे.