सासऱ्यांची लघवी सुनेमार्फत विचारू नये याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
आरोग्य केंद्र, करमळखोल,
ता. पेडणे, गोवा

विषय : तपासणीच्या खोलीस दार बसवणे व माझ्या सासऱ्यांना लघवीचे प्रश्न पुरुष कर्मचाऱ्याने विचारणे.
संदर्भ : हीच विनंती तोंडी केली असता मिळालेले उत्तर, "बघूया."

महोदय,

माझे सासरे गुरुदास यांना गेल्या महिन्यात थंडी वाजून ताप भरला, म्हणून मी त्यांना आपल्याकडे आणले. यजमान ट्रकवर असतात. खोलीला दार नाही, रांग आत डोकावत होती. आपल्याला त्यांची बोली कळेना. आपण मला म्हणालात, "लघवी नीट होते का, विचारा."

सुनेने हे कसे विचारायचे? मी मान खाली घालून म्हटले, "बाबा, भायर जावन येतास मा?" ते म्हणाले, "होय गो. कालच धारगळाक जावन इलंय." रांगेतून कोणी हसले, "म्हातारो घट आसा!" ते धारगळच्या बाजाराचे सांगताहेत हे मला कळले होते. पुन्हा विचारायची लाज वाटली. मी "होते" म्हणून मोकळी झाले. आपण पोटाला हात न लावता तापाच्या गोळ्या दिल्यात.

ताप उतरलाच नाही. बाबा बरळू लागले, हातपाय गार पडले. मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आधी पोट चाचपले, मग सोनोग्राफी केली. प्रोस्टेट वाढून वाट अडली होती, थेंब थेंब गळे तेवढेच. मूत्राशय टम्म, दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली, जंतू रक्तात गेलेले. शिरेतून औषध सुरू केले आणि लगेच नळी घातली. बाई म्हणाल्या, "तुंबलेले बाहेर काढल्याशिवाय नुसते औषध पुरे पडत नाही. लघवीचे आधी कोणाला सांगितले नाही?" मी काय सांगणार, की लाजले?

बाबा वाचले. पिशवीवर पंचा टाकून बसतात, माझ्यासमोर उठत नाहीत. सोमवारी नळी बदलायला आपल्याकडेच यायचे आहे. ते म्हणतात, "मेलंय तरी थंय येवचंय नाय. सगळ्या गावाक दाखवूक?" जुनी नळी तुंबली तर पुन्हा तेच होणार, आणि या वेळी ते वाचतील असे कोणी सांगितलेले नाही.

दाराला वरून मंजुरी लागते, असे कृपया कळवू नये. प्रश्न पुरुषाने विचारावा, आणि त्यांना कळेल असा : "मुतूक सारका होता मा?" हे लिहिताना माझे कान तापले. आपल्याला तर हे विचारण्याचाच पगार मिळतो.

सोमवारी त्यांना घेऊन येणारच,
सौ. सुविधा गौरेश परब
दि. १४ जून २०२४

सोबत : १) डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स
२) एक धुतलेली चादर व चार खिळे, दार बसेपर्यंत