विहिरीतला भोपळा समुद्रात

सोलापूर
१२ सप्टेंबर १९७४

चि. कमलाकर यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मार्चमध्ये तुझी पोर्ट ब्लेअरहून मद्रासला बदली होणार म्हणून इथं सगळ्यांना आनंद झाला. मी मात्र चरकले. डोळ्यांवर काच लावून, तोंडात नळी धरून तू पाण्यावर पालथा पडतोस आणि खाली प्रवाळ बघतोस, हे वाचून वाचून माझा जीव नुसता तिकडे लागला आहे. वीस वर्षं मी मुलींना भूगोलात प्रवाळ शिकवते, तेही फळ्यावर पांढऱ्या खडूनं. समुद्र मी अजून पाहिलेलाही नाही. तेव्हा फेब्रुवारीत रजा काढून येते. होडीत बसून बघायला नव्हे हो, पाण्यात तोंड घालून बघायला!

तुझे दाजी म्हणाले की नातवंडं खेळवायच्या वयात हे कसलं खूळ. मला पोहता येत नाही हे खरं, पण त्यात माझा दोष नाही. माढ्याच्या विहिरीत तुझ्या पाठीला भोपळा बांधून सोडलं, तेव्हा काठावर दोर धरून कोण उभं होतं? मुलींनी विहिरीत उतरायचं नाही, असा आबांचा दंडक. सबंध उन्हाळा मी नुसती तुला ओरडून सांगायची की भिऊ नको, मी धरलंय. आता तू काहीतरी तजवीज कर.

माया आहे तशी असू दे, उत्तराला मात्र उशीर नको.
तुझी ताई

पोर्ट ब्लेअर
५ ऑक्टोबर १९७४

ति. ताईस कमलाकरचा कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो आणि मग रात्रभर घाबरलो. समुद्र म्हणजे माढ्याची विहीर नव्हे, ताई. तुला हात मारता येत नाहीत, म्हणजे तरंगवण्याचं सगळं काम अंगाला बांधलेल्या वस्तूनं करायला हवं. तिच्यावर तुला पालथं, स्वस्थ पडता आलं पाहिजे आणि दमलीस की डोकं वर काढून टेकताही आलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी जमल्या तर समुद्रात, नाहीतर होडीत. हे आत्ताच कबूल कर.

काच, नळी आणि आमच्या बोटीवरचं बुचाचं जाकीट पार्सलनं पाठवतो आहे. दाजींना माझ्यावर रागावू नका म्हणावं.

आशीर्वाद असावा, आणि थोडी अक्कलही सोबत असावी.
तुझा
कमलाकर

माढा
१७ नोव्हेंबर १९७४

चि. कमलाकर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मामेभावाकडे, गुंडाकडे आले आहे. दुष्काळात कोरडीठाक पडलेली विहीर आता तुडुंब आहे. त्याच्या बायकोचं, सोनाबाईचं, जुनं लुगडं घट्ट काष्टा घालून नेसले आणि उतरले. पहिल्या दिवशी पायरी सोडवेना. नवऱ्याचं ऐकायला हवं होतं, असंही क्षणभर वाटलं. पण क्षणभरच.

तुझ्या जाकिटानं मला भाकरीसारखं उलथून उताणं पाडलं. बुडणाऱ्याचा जीव त्यानं नक्की वाचेल, पण मला दिसले ते फक्त लिंबावरचे कावळे. मग गुंडानं ट्रकची ट्यूब आणली. तिच्यात बसून गप्पा छान होतात, तोंड काही पाण्यात जात नाही. शेवटी त्यानं दोन वाळके भोपळे आणून रिवाजाप्रमाणे पाठीला बांधले. पालथं पडता आलं, पण डोकं वर काढायला गेले की भोपळे मानेवर आदळत. नळीत पाणी शिरलं आणि मी विहीर अर्धी रिकामी केली.

तेव्हा मी म्हणाले की भोपळे पुढं, बगलांखाली बांध. गुंडा हटून बसला. म्हणाला की ताई, आमच्या आज्यापास्नं भोपळा पाठीलाच बांदत्यात, पोटाला कुनी बांदत न्हाय. मी म्हटलं की आज्याला पलीकडच्या काठाला जायचं होतं, मला तळ बघायचा आहे. बांधले. आणि कमलाकर, मी पडून राहिले रे! हात न हलवता. दमले की भोपळ्यांना मिठी मारायची, मान वर. खाली कपारीत काहीतरी पिवळं चमकलं. गुंडानं बुडी मारून काढलं, तर सोनाबाईची गेल्या साली हरवलेली पितळी घागर! चोरीच्या संशयानं शेजारणीशी तिनं वर्षभर अबोला धरला होता. लई चुकलं माझं, म्हणत ती आत्ता तिच्याकडे दिवाळीचा फराळ घेऊन गेली आहे.

लोभ वाढवायची गरज नाही, धीर तेवढा वाढव.
तुझी ताई

पोर्ट ब्लेअर
१२ डिसेंबर १९७४

ति. ताईस कृ. शि. सा. न. वि. वि.

हरलो. दोन्ही भोपळे घेऊन ये. पण तुझ्या कमरेला दोर राहील आणि त्याचं टोक माझ्या हातात. यावर वाद नको.

तुझ्या मायेचा धनी,
कमलाकर

पोर्ट ब्लेअर
१६ फेब्रुवारी १९७५

कमलाकरचे दाजी यांचे सेवेशी सौ. शकुंतलेचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही बसून वाचाल. स्टेशनवर माझ्या वर्गातल्या मुली फिदीफिदी हसत होत्या, की आम्हाला भोपळे देणाऱ्या बाई स्वतःच भोपळे घेऊन निघाल्या. जहाजावर एका बाईंना ते तंबोऱ्याचे वाटले आणि त्यांनी गाण्याचा आग्रह धरला. मी म्हणाले की गाते, पण फक्त पाण्यात.

काल समुद्रात उतरले आणि फजिती झाली. विहिरीत चोख बसलेले भोपळे इथं मला छातीपर्यंत वर उचलू लागले. लाट आली की तोंड बाहेर, पाय खाली. कमलाकर म्हणाला की पुरे, होडीत चल. रडू येणार होतं, तेवढ्यात आठवलं की खारं पाणी गोड्यापेक्षा जास्त उचलून धरतं. दर वर्षी मीच शिकवते, आणि विहिरीचं माप समुद्राला लावून बसले! पाय टेकतील अशा पाण्यात येऊन मी एक भोपळा सोडायला लागले. कमलाकर पांढराफटक पडला. दोनाचा एक करायचा नाही म्हणाला. मी केला. दुसरा छातीखाली मधोमध घेतला, पडले, आणि पाण्यानं मला अलगद धरलं.

खाली सगळं होतं हो. शिंगांसारखं, फुलकोबीसारखं, जांभळं, पिवळं. माझ्या फळ्यावर एकही रंग नव्हता. होडीतून कमलाकर दोर धरून ओरडत होता की भिऊ नको ताई, मी धरलंय. तोच सूर, तेच शब्द. काचेच्या आत माझे डोळे भरून आले. मग जवळच पाण्यात धपकन आवाज झाला. बघते तर तो पाण्यात, माझ्या शेजारी पालथा. दोराचं टोक त्यानं माझ्याच मुठीत दिलं आणि आम्ही दोघं खाली बघत राहिलो.

प्रेम आहेच, ते पत्रात किती लिहायचं. सोडलेला भोपळा परत आणते आहे. उन्हाळ्यात माढ्याला जाऊ. गुंडाला निरोप धाडला आहे. तुम्ही पाण्यात, दोर माझ्याकडे.

तुमची
शकुंतला