सवतीचा घास

१८ मार्च १९३६, नवेगाव बांध
आले एकदाची सासरी! मुर्रीहून निघताना आई अशी रडली, जणू मला काळ्या पाण्यावरच धाडताहेत. इथं तर परसात मोह टपटपतोय, दारासमोर नजरेत न मावणारं तळं आणि घरात पाच वर्षांची शामकला. हे बिजवर म्हणून मैत्रिणींनी नाकं मुरडली होती. मुरडोत! मला आयती लेक मिळाली. तिनं माझी पेटी उघडली, कुंकू सांडलं आणि वर मलाच रागावली. मला फार आवडली ती.

२१ मार्च
आज सासूबाईंनी, देवकाबाईंनी, माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती. ही रुख्मा, यांची पहिली बायको, शामीची आई. गेल्या कार्तिकात शिंगाडे काढताना तळ्यात बुडाली. जेवायच्या आधी पहिला घास टाकाला दाखवायचा आणि म्हणायचं, 'घे बाई, अन् आपल्या वाटेनं जा.' सासूबाईंनी पुन्हापुन्हा घोकून घेतलं. पण मला ते बोलवेना. लेक इथं आणि आईला जा म्हणायचं? मी हळूच म्हटलं, 'घे बाई, अन् राहा. पोरीजवळ राहा.' कुणाचं काय जातंय!

२९ मार्च
शामी मला क्षणभर सोडत नाही. दुपारी टाक मुठीत धरून माझ्या कुशीत झोपते. फक्त तिचे हातपाय फार गार पडतात. बोटांना सुरकुत्या येतात, पुष्कळ वेळ पाण्यात राहिल्यासारख्या. आणि हे भर उन्हाळ्यात! सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

१४ एप्रिल
ताप नाही, खोकला नाही, पोर नुसती वाळत चालली आहे. वैदू पाला देऊन गेला, त्याचाही गुण नाही. मी उशाशी बसून असते. हात चोळते, पोटाशी धरते. जितकी जवळ धरावी तितकी ती गार पडते.

२८ एप्रिल, मुर्री
अक्षयतृतीयेला भावानं माहेरी आणलं. पाय निघत नव्हता. आज यांचा निरोप आला. मी निघाले त्याच संध्याकाळी शामी उठून बसली, भात मागितला, आणि आता मोहाखाली हुंदडते आहे. ऐकून आनंदानं रडले. मग त्या निरोपाचा अर्थ मनात उतरला आणि नुसतीच रडत राहिले.

४ मे, नवेगाव बांध
परत आले. शामी धावत येऊन बिलगली. दिवस मावळायच्या आत बोटं पुन्हा तशीच.
सासूबाईंनी विचारलं, घास दाखवताना तू बोलतेस तरी काय. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तुनं तिले राहा म्हटलं? कायले म्हटलं वं? आता ते पोरीले घेतल्याबिगर जात नाही.'
मी वाईट काय चिंतलं होतं? एका आईला जा म्हणवलं नाही, एवढंच ना!

६ मे
यांनी टाक तोडून तळ्यात सोडला. काही फरक नाही.
दुपारी शामीला थोपटत अंगाई म्हणत होते. सासूबाईंनी ती दारातूनच ओळखली. ती अंगाई रुख्माची होती. मला ती कुणी शिकवलेलीच नाही —
ती टाकात नव्हतीच आता. ती माझ्यात —

८ मे
केस ओले. पुसते, पुन्हा ओले. शामीला पलीकडच्या खोलीत ठेवलंय. दाराआडून हाका मारते, दार खाजवते. काळीज तुटतं माझं. तिला उचलायला हात शिवशिवतात — पण हे हात माझे की —

९ मे
ठरलं. जाते. कायमची. मी नसले की ती जेवते, खेळते. मग मी नसावंच. तिच्या वेण्या घालायच्या होत्या मला. तिला सासरी धाडताना भरपूर रडायचं होतं. राहिलं सगळं.
यांनी अडवलं नाही. पाठ फिरवून रडले.

बैलगाडीत
तळ्याच्या बांधाच्या कडेनं चाललोय. अक्षर हलतंय. मागून शामी धावत येतेय — अनवाणी — कुणी सोडलं तिला —
'आई, थांब' म्हणते. मला म्हणते? की —
माघारी जा गं राणी. धरा, कुणीतरी धरा तिला —
गाडी थांबली. मी थांबवली नाही. माझ्या तोंडून कोण —
जा शामे, जा —
ये माय. ये. कायले भेऊन राहिली? तुही माय हाये न मी. पाणी जवळच हाये. दे, हात दे, माही —