दोन बाप आणि एक घरटं

प्रिय आई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल आणि बर्गेनचा पाऊस नेहमीसारखाच असेल, असं धरून चालते. आधी फक्त घडलं ते:

१. मंगळवारी डोंगरावर पायवाटेच्या कामासाठी हेलिकॉप्टरने दगडांचं एक पोतं उतरवलं.
२. ते बाबांच्या सॅकवर उतरलं. सॅकमध्ये डबा, फ्लास्क आणि बाबांची खालची कवळी होती.
३. बाबांची कंबर धरली. बचाव पथकाने त्यांना स्ट्रेचरवरून खाली आणलं.
४. पक्षी सुखरूप आहे.

आता कारणं. पोती कुठे उतरवायची त्या जागा मी मे महिन्यातच मोजून, लाल फडकी लावून ठरवल्या होत्या (मोजणीत चूक नव्हती, हे बाबा सोडून सर्वांना मान्य आहे). नंतर त्यातल्या एका फडक्याच्या बुडाशी डॉटरेलने घरटं केलं. टिटवीच्या कुळातला हा पक्षी उघड्या पठारावर जमिनीवरच अंडी घालतो, आणि माणूस अगदी जवळ गेला तरी उठत नाही. त्याला निर्भय म्हणावं की मठ्ठ, हे मी ठरवू शकलेले नाही. यांच्यात मादी जास्त देखणी. ती अंडी घालून निघून जाते, कधी कधी समुद्र ओलांडून थेट तुमच्या नॉर्वेत. उबवायचं आणि पिल्लं सांभाळायची ती नराने. (हे मी पक्ष्याबद्दल लिहिते आहे. तू सहा महिन्यांच्या नोकरीसाठी गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, हा वेगळा विषय.)

मी फडकं लांब हलवलं आणि पायलटला कळवलं. पण बाबांचा पायलटवर विश्वास नव्हता. पायवाटा बांधणाऱ्या आमच्या टोळीतून ते निवृत्त झाले आहेत, हे आम्हाला अजून त्यांना पटवता आलेलं नाही. सकाळीच वर जाऊन, नारिंगी जाकीट घालून ते घरट्याशेजारी उभे राहिले आणि हेलिकॉप्टर दिसताच ‘इथे नको’ अशा अर्थाने दोन्ही हात हलवू लागले. पायलटला वरून दिसलं ते एवढंच, की नारिंगी जाकीटवाला माणूस मोठ्या उत्साहाने बोलावतो आहे. पोतं डोक्यावर येताना पाहून दुसरा कोणी पळाला असता. बाबा घरट्यावर ओणवे झाले, हात-पाय चारी बाजूंना रोवून, जनावरासारखे. पायलटने शेवटच्या क्षणी पोतं बाजूला घेतलं. ती बाजू सॅकची होती.

आम्ही धावत पोहोचलो. मुकादम मॉर्व्हेन म्हणाली, “फर्कुहारकाका, उठा आता!”

“उठता आलं असतं तर असा घोडा होऊन राहिलो असतो का, गाढवे?”

“आणि पक्षी?”

“खाली आहे. पोटाला ऊब लागतेय.”

“मग उबवा दोघं मिळून. मी चहा टाकते.”

बचाव पथक येईपर्यंत एक बाप दुसऱ्या बापावर तसाच होता. खालचा जागचा हलला नाही. वरच्याला हलताच येत नव्हतं.

डॉक्टरांनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं आहे. मला रोज कामावर वर जावं लागतं. शेजारच्या मिसेस गेडिस सूप आणायच्या. ते पातळ आहे असं बाबांनी त्यांना सांगितलं, आता त्याही येत नाहीत. संध्याकाळी मी परतले की ते पक्ष्याबद्दल विचारतात, “त्याच्याकडे कोणी आलं का?” मी नाही म्हणते. “बरंच आहे. एकट्याने जमतं.” मग थोड्या वेळाने, “कंबर धरते, एवढंच.”

बाकी सर्व ठीक.

तुझी,
इशबेल

ता. क. – तू पाठवलेलं तपकिरी चीज मिळालं. ते कुत्र्याला घातलं, असं बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले. कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली. चीज अजून दर वेळी संपतं.

पुन्हा ता. क. – मी थोडं वाचन केलं. डॉटरेलची मादी क्वचित परत येते आणि नराच्या जागी काही काळ अंड्यांवर बसते. अपवाद आहे, पण नोंद आहे. माळ्यावरची खोली मी आवरली आहे. (या पत्राचं बाबांना माहीत नाही. मात्र त्या खोलीच्या खिडक्या उघड, असं त्यांनीच सांगितलं. कारण सांगितलं नाही.) येणार की नाही, ते शुक्रवार, २८ जूनपर्यंत कळव.