खालची गाठ

४ फेब्रुवारी

फ्रेम आली! वेल्डर स्वतः घेऊन आला, जुन्या चादरीत गुंडाळून. एरवी हा माणूस गेटं आणि जिन्याचे कठडे करतो. पण सायकलच्या नळ्या हातात आल्या की त्याचा हातही सुटतो आणि जीभही. "साहेब, सांधे बघा, सांधे!" बघितले. बोट फिरवलं तरी कुठे खरखर नाही. मापासाठी नेलेली आमची सुतळीही आठवणीने परत दिली. ती पुन्हा खिळ्याला टांगली.

गिअर नाहीत. एक दातेरी चाक पुढे, एक मागे, मध्ये चेन. बस! डोंगरात चालवायची सायकल, पण भानगड शून्य. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "बाबा, सगळं जग पुढे चाललंय आणि तुम्ही रिव्हर्समध्ये." म्हटलं, रिव्हर्सलाही गिअर लागतो, माझ्याकडे तोही नाही!

ही दारातून डोकावली. "आली वाटतं," म्हणाली आणि शाळेच्या वह्या तपासायला आत गेली.

५ फेब्रुवारी

हिच्याबद्दल इथेच लिहितो, घरात बोलायची सोय नाही. गेल्या वर्षी उतारावर पडली. उजव्या अंगठ्याचं हाड जुळलं, पण जोर काही परतला नाही. फळ्यावर लिहिताना खडू सुटतो. कुलूप डाव्या हाताने उघडते. गिअरची कळ तर दाबलीच जात नाही. अंगणात एकदा प्रयत्न केला होता. दाबली, पुन्हा दाबली, मग सायकल भिंतीला टेकवली आणि आत गेली. पुढे ती भाचीला देऊन टाकली. "माझ्यापुढे सायकलचा विषय काढायचा नाही." नाही काढला.

इतकी वर्षं रविवार सकाळ म्हणजे आम्ही दोघं आणि पाण्याच्या टाकीचा चढ. ही पुढे, मी मागे धापा टाकत. वर पोचल्यावर हिचा ठरलेला प्रश्न — "चढावर पाय टेकवलात?" टेकवलेलाच असायचा! आता एकटा जातो. कुणी विचारत नाही. करमत नाही. अजिबात करमत नाही.

७ फेब्रुवारी

मागचं चाक विणून झालं! दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काड्या सरळ करायच्या आणि घरी येऊन स्पोक. पण काय फिरतंय! रिम कुठेच डुलत नाही. मी खुशीत शीळ घालत बघत बसलो. आतून आवाज — "अहो, दुधाकडे लक्ष होतं ना?"

दूध उतू गेलं. चाक मात्र सरळ आहे.

९ फेब्रुवारी

अख्खा रविवार चेन ताणण्यात. मागचं चाक खाचेत मागे ओढायचं, नट आवळायचा — की चाक तिरकं. सोडा. ओढा. आवळा. पुन्हा तिरकं! शेवटी एकदाचं जमलं. चेन बोटाने दाबली तर जेवढी हलायला हवी तेवढीच हलते. पाना खाली ठेवला आणि एकटाच हसलो.

१० फेब्रुवारी

गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. त्याने चष्म्यातून पहिल्यांदा स्पष्ट बघितली ती माझी ग्रीसने काळी झालेली नखं. "हे दुकान डोळ्यांचंच ना?"

१५ फेब्रुवारी

झाली!! उभी आहे! हँडलवर दोन ब्रेक, बाकी मोकळं मैदान. पुढून बघितली, मागून बघितली, जमिनीवर आडवा होऊन खालूनही बघितली.

ही चहा ठेवायला आली आणि हँडलकडे बघत उभी राहिली.

"इथे काहीच नाही?"

"काय नाही?"

"दाबायला."

"काही नाही! ब्रेक बोटांनी, बाकी सगळा कारभार पायांनी."

"हं."

नावं ठेवत असणार. ठेवू दे. उद्या टाकी!

१६ फेब्रुवारी

काय सायकल आहे! आवाज नाही, खडखड नाही, फक्त टायरखालची खडी. सपाटीला नुसती पळते. उतारावर तर मी ओरडलो — मोठ्याने, लहान मुलासारखा. एक कुत्रं दचकून पळालं.

चढावर फजिती. गुडघे छातीला लागतायत, पायांत जोर उतरतच नाही. अर्ध्यावर उतरलो आणि सायकल ढकलत टाकीपर्यंत गेलो. टाकी अजून गळतेच. खाली तोच काळा चिखल. बूट भरले.

मागचं दातेरी चाक मोठं हवं. म्हणजे चढ हलका होईल. एवढंच आहे!

१९ फेब्रुवारी

एवढंच नव्हतं. मोठं चाक लावलं तर चेन अपुरी पडली. चेनला कड्या जोडल्या. कामावर जाण्याआधी गल्लीत फेरी मारली — गुडघे पुन्हा छातीला! सीट वर घेतली. अजून वर. दांड्यावरची धोक्याची खूण बाहेर आली, तरी पाय दुमडलेलेच. वेल्डरला फोन लावला. "अहो, फ्रेम लहान झाली, माप चुकलं तुमचं!" भडकलाच तो. "साहेब, सुतळी तुमची. गाठ तुम्ही बोटाने दाखवलीत. मी तिथपर्यंत मोजलं!"

सुतळी काढली. एक टोक पेडलच्या आसाला धरायचं, सुतळी सीटपर्यंत न्यायची. तिला दोन गाठी. वरची माझी. खालची...

"ती माझी गाठ आहे." ही मागे उभी होती.

खरंच की! इतकी वर्षं आधी हिची सीट लावायची, मग माझी. बोट सवयीने आधी खालच्या गाठीवरच जातं. वेल्डरलाही तीच दाखवली मी! एवढा खपून जी सायकल बांधली ती मला बसतच नाही. हसावं की रडावं कळेना, म्हणून हसलो. ही हसली नाही. सुतळी माझ्या हातातून घेतली, नीट गुंडाळली आणि खिळ्याला लावली.

"हीसुद्धा भाचीला देऊन टाकू?" मी विचारलं.

"एवढी कसली घाई आहे?"

२१ फेब्रुवारी

सायकलकडे बघवत नाही. सीट अजून वरच ताणलेली आहे. उंटासारखी दिसते.

२३ फेब्रुवारी

रविवार. उशिरा उठलो, जायचं कुठे होतं! सायकलवर नजर गेली. सीट खाली उतरलेली. दोन्ही टायरना ओला काळा चिखल.

ही ओट्याशी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पाय टेकवला नाही हं मी."

वेल्डरला फोन केला. अजून एक फ्रेम. या वेळी वरच्या गाठीची!