दोन हॉटेलं आणि पालथा कप

अल कुसैस, दुबई, शुक्रवार

लाडक्या आपास,
तुझ्या अजराचा सलाम.

मी मजेत आहे, गुडघाही कुरकुरत नाही. रेहानच्या ऑफिसने त्याला समुद्रकाठच्या हॉटेलात दोन रात्री फुकट दिल्यात. एकाच मालकाची शेजारी शेजारी दोन हॉटेलं आहेत, त्यातलं एक निवडायचंय. काल दोन्ही बघून आलो. पहिल्यात खाली कॅसिनोसारखा व्हिडिओ गेमचा हॉल, केवढा गोंगाट! मी तौबा म्हटलं, तर लेक हसला, "मम्मी, यू डोन्ट हॅव टू प्ले."

दुसरं अगदी शांत. तिथे चहा देणारी मुलगी मला बघून चपापली. म्हणाली, "मॅडम, तीन दिवस एक बाई येतात, तुमच्यासारख्याच दिसतात. दोन कप मागवतात आणि एक पालथा ठेवतात. बहीण येणार आहे म्हणतात."

आपा, कॉन्व्हेंटच्या जेवणघरात माझी जागा धरायला तू असाच कप पालथा ठेवायचीस. हे मी रेहानलासुद्धा कधी सांगितलं नाही.

तुझा ताप उतरला ना? तीन दिवस फोन केला की तुझी सून नबिला म्हणते, "खाला, त्या झोपल्यात." भर दुपारीही?

रेहानला सोमवारी हॉटेल कळवायचंय. शेजारचा अबुजर उद्या दापोलीला येतोय. पत्र तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. वाचलंस की तू स्वतः फोन कर. तुझा आवाज ऐकला की मी खुशाल त्या गोंगाटात जाऊन राहीन.

फोन आला नाही, तर मात्र दुसऱ्या हॉटेलात जाईन. तुला एकटीला किती दिवस वाट बघायला लावू?

तुझीच,
अजरा